पायाखालचा संसार

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



ट्रान्झिस्टरचा किंवा टॉर्चचा संपलेला सेल लहानपणी अनेकांनी दगडाने ठेचून पाहिलेला असतो. आत काळी, ओलसर भुकटी निघते. हाताला लागली की साबणानेही लवकर जात नाही. या भुकटीतला मोठा वाटा मँगनीज डायऑक्साइडचा असतो. सेलमध्ये वापरता येईल असं मँगनीज डायऑक्साइड आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी मिळतं. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं डोंगरी बुजुर्ग हे त्यांपैकी एक ठिकाण आहे.

या काळ्या भुकटीचं सेलमध्ये काम काय? सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं असतं. जस्त इलेक्ट्रॉन देतं, मँगनीज डायऑक्साइड ते घेतं, आणि देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाताना वाटेत ते आपला दिवा पेटवतात. आपल्या शरीरातही याहून फार वेगळं काही घडत नाही. आपण भात खातो. त्या भातातले इलेक्ट्रॉन आपल्या पेशी काढून घेतात आणि शेवटी श्वासातून आलेल्या ऑक्सिजनच्या स्वाधीन करतात. या देण्याघेण्यात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर आपण चालतो, बोलतो, विचार करतो. म्हणजे अन्न देणारं आणि हवा घेणारी. घेणारंच कुणी नसेल, तर पोट भरलेलं असूनही माणूस काही मिनिटांत संपतो.

आता प्रश्न असा, की जिथे हवा पोचतच नाही तिथे कुणी जगू शकेल का? शेकडो फूट खडकाखाली, कायमच्या अंधारात? उत्तर 'होय' असं आहे, आणि त्या उत्तराचा एक भाग याच काळ्या खनिजात आहे. असे जिवाणू आहेत, जे ऑक्सिजनऐवजी मँगनीज डायऑक्साइडला आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. आपल्या सेलमध्ये जी वस्तू दिवा लावते, तीच त्यांची हवा. आज मला बोलायचं आहे ते या पायाखालच्या जिवांविषयी, त्यांच्या खाण्यापिण्याविषयी, आणि त्यांच्या संसाराचा आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्याशी जो संबंध आहे त्याविषयी.

सुरुवात फार खोल न जाता करू. भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणी होऊन काही आठवडे झाले, की पाणी साचलेल्या बांधीतला मूठभर चिखल उचलून पाहा. अगदी वरचा पातळसा थर तांबूस दिसेल आणि लगेच त्याखालचा चिखल निळसर-करडा. पाय पडला की बुडबुडे येतात, कधी कुजक्या अंड्यासारखा वासही येतो. याचं कारण असं, की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन चिखलाच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्येच संपून जातो. त्याखालच्या जिवाणूंना मग दुसरा कुणी घेणारा शोधावा लागतो. आधी ते नायट्रेट वापरतात. ते संपलं की मँगनीज, मग लोखंडाचा गंज. मातीचा तांबडा रंग या गंजाचा असतो, तो विरघळला म्हणून खालचा चिखल करडा दिसतो. त्यानंतर पाळी सल्फेटची, कुजका वास त्यातून येतो. आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइड. त्यापासून मिथेन वायू होतो. बुडबुडे त्याचेच.

आपल्या जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची, तशीच ही श्वासाची उतरंड आहे. फरक एवढाच, की घरच्या उतरंडीत तळाचं मडकं सगळ्यात मोठं असतं, आणि इथे तळाच्या मडक्यात सगळ्यात कमी ऊर्जा मिळते. म्हणून वरचं मडकं रिकामं झाल्याशिवाय सहसा खालच्याला हात लागत नाही.

शेतकऱ्याला या उतरंडीची किंमत मोजावी लागते. पाणी भरलेल्या बांधीत नायट्रेटच्या रूपातलं खत खालच्या बिनहवेच्या थरात उतरलं, की जिवाणू त्याचा श्वासासाठी उपयोग करतात आणि त्यातलं नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणूनच धानाला नायट्रेटयुक्त खत देऊ नका असं सांगतात. भाताच्या 'चारसूत्री' लागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात, त्यामागेही हेच कारण आहे. तिथे हवा नसल्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपातच राहतं, त्याचं नायट्रेट होत नाही, आणि ते पिकाला पुरतं. चार बोटं चिखलात काय चाललंय हे कळलं तर खताचा पैसा वाचतो, तो असा.

बांधीत जी उतरंड चार-सहा बोटांत मावते, तीच जमिनीखाली शेकडो मीटर, कधी काही किलोमीटरपर्यंत ताणलेली सापडते. पण हे पटायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९२६ साली शिकागो विद्यापीठातले भूवैज्ञानिक एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींतून आलेल्या खोल पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू असल्याचं दाखवलं. हे जिवाणू खालचे नाहीत, खोदकामाबरोबर वरूनच गेलेले आहेत, असा आक्षेप घेतला गेला, आणि पुढची कित्येक दशकं तो विषय मागे पडला. खडक म्हणजे निर्जीव, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. १९९२ साली थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने जमिनीखालच्या खोल, उष्ण जीवसृष्टीविषयी एक धाडसी लेख लिहिला आणि वाद पुन्हा पेटला. तोपर्यंत खोदकामाच्या शुद्ध पद्धतीही आल्या होत्या. आज अंदाज असा आहे, की पृथ्वीवरच्या जिवाणू आणि आर्किया या सूक्ष्मजीवांपैकी सुमारे सत्तर टक्के जमिनीखाली आणि समुद्रतळाखाली राहतात. २०१८ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार या खोल जीवसृष्टीत १५०० ते २३०० कोटी टन कार्बन आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांच्या शरीरांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याच्या हा निदान २४५ पट होतो.

यातला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी दक्षिण आफ्रिकेतला. जोहान्सबर्गजवळच्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर एका भेगेतून पाणी येत होतं. तापमान सुमारे ६० अंश, आणि पाणी लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेलं. प्रिन्स्टन विद्यापीठाचे टलिस ऑन्स्टॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं, तेव्हा त्यातले ९९.९ टक्के सूक्ष्मजीव एकाच जातीचे निघाले. २००८ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. ज्युल व्हर्नच्या पाताळप्रवासाच्या कादंबरीवरून त्याच्या नावात 'धाडसी प्रवासी' अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला. हा प्रवासी करतो काय? खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रोजन सुटतो. तो त्याचं अन्न. खडकातून आलेलं सल्फेट ही त्याची हवा. शरीर घडवण्यासाठी लागणारा कार्बन तो आसपासच्या पाण्यातून घेतो, आणि नत्राचं स्थिरीकरणही स्वतःच करू शकतो. सूर्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. पुढे असेच जीव सायबेरियात आणि कॅलिफोर्नियातही खोल बोअरमध्ये सापडले. २०२१ साली त्यांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा तीन खंडांतले हे भाऊबंद जवळजवळ एकसारखे निघाले.

आपल्या महाराष्ट्रातही असा शोध झालेला आहे, तो कोयनेला. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याला माहीत आहे. तेव्हापासून त्या परिसरात लहानमोठे धक्के बसत राहिले. हे धक्के जिथे उगम पावतात तिथपर्यंत जाऊन पाहावं म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने खोल खोदकामाचा प्रकल्प हाती घेतला, कराडला प्रयोगशाळा उभी केली. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची छिद्रं घेतली, आणि २०१७ साली गोठणे इथे तीन किलोमीटर खोलीचं छिद्र पूर्ण झालं. वरचा सुमारे एक ते सव्वा किलोमीटर हा दख्खनचा बसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी खडक.

खोदकाम भूकंपासाठी होतं, पण वर आलेल्या खडकाचा उपयोग जीवशास्त्रज्ञांनीही करून घेतला. आयआयटी खरगपूरचे पिनाकी सार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खडकांत जीव आहेत का हे तपासलं. बॅस्टिनवर घेतलेला आक्षेप अशा प्रत्येक शोधाला लागू असतो. म्हणून खडकाच्या गाभ्याचा आतला भाग घ्यायचा आणि खोदताना वापरलेल्या द्रवातल्या जिवाणूंशी त्याची तुलना करायची, अशी काळजी घ्यावी लागते. २०१८ साली त्यांचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला, २०२२ मध्ये तीन किलोमीटरच्या छिद्रावरचं कामही आलं. बसाल्टमध्ये आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये, दोन्हीकडे जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. संख्या फार थोडी, अन्न फार तोकडं. पण हायड्रोजनसारख्या वायूंवर जगण्याची, प्रकाशाशिवाय कार्बन शरीरात घेण्याची, गंधक आणि नत्राची रूपं बदलण्याची जनुकं त्यांच्यात होती. खोल ग्रॅनाइटमधून मिळालेले काही जिवाणू प्रयोगशाळेत पुन्हा कामालाही लागले.

भंडाऱ्याखाली मुख्यतः बसाल्ट नाही. कोयनेला किलोमीटरभर खाली गेल्यावर जुना स्फटिकी खडक लागतो, तशा जातीचा खडक भंडाऱ्यात बऱ्याच ठिकाणी मातीच्या लगेच खाली आहे. या कठीण खडकात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या वरच्या भागात. आपली बोअर याच भेगांना जाऊन भिडते.

खडकात राहणाऱ्यांचा संसार चालतो तरी कसा? आपल्या उकिरड्यासारखा तो चालतो, असं म्हटलं तर चुकणार नाही. एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या कामी येतं. लोखंड असलेल्या खडकाची पाण्याशी क्रिया झाली की काही ठिकाणी हायड्रोजन तयार होतो. तो खाऊन कुणी मिथेन बनवतो, कुणी शिरक्यासारखं आम्ल. ते आम्ल तिसरा खातो आणि लोखंडाच्या गंजावर इलेक्ट्रॉन सोडतो. सल्फेट वापरणारा सल्फाइड सोडतो. ते लोखंडाला भेटलं की पायराइट, म्हणजे सोन्यासारखा चमकणारा फसवा दगड तयार होतो. पुढे कधी नायट्रेट किंवा ऑक्सिजन घेऊन पाणी खाली आलं, की दुसरे जिवाणू तोच पायराइट खाऊन पुन्हा सल्फेट करतात. स्फुरद खडकातल्या ॲपेटाइट या खनिजातून कणाकणाने मिळतं. आणि जे मरतात त्यांची शरीरं वाया जात नाहीत. शेजारी ती खातात, कारण नत्र आणि स्फुरद एकत्र मिळण्याची तिथे तेवढीच जागा असते.

या संसाराचा वेग मात्र आपल्या कल्पनेपलीकडचा आहे. दुधाचं दही करणारे जिवाणू तास-दोन तासांत दुप्पट होतात. खोल खडकातल्या जिवाणूला एकाचे दोन व्हायला शेकडो, काही अंदाजांनुसार हजारो वर्षं लागतात. खाली जावं तशी उष्णताही वाढते. आजवर प्रयोगशाळेत जीव वाढल्याचं सर्वांत जास्त तापमान १२२ अंश आहे, त्यामुळे काही किलोमीटरनंतर हा संसार कुठेतरी थांबत असणार. पण तोपर्यंतचा प्रत्येक टप्पा कुणीतरी व्यापलेला आहे.

आता पुन्हा तुमसर तालुक्याकडे. मध्य प्रांतात मँगनीज काढण्यासाठी १८९६ साली एक ब्रिटिश कंपनी स्थापन झाली. तिच्याच वारशातून १९६२ साली मॉयल ही कंपनी आली. चिखला इथली खाण भूमिगत आहे, डोंगरी बुजुर्गची उघडी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुइस फर्मोर यांनी १९०९ मध्ये देशातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या इथल्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते आजही आहे. हे मँगनीज मुळात प्राचीन समुद्राच्या तळावर गाळाच्या रूपात बसलेलं. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उष्णतेने आणि दाबाने ते भाजून, घड्या पडून निघालं. मग पृष्ठभागाजवळ पाणी आणि हवा यांनी त्यातल्या काही भागाचं डायऑक्साइड केलं.

मँगनीजची दोन रूपं लक्षात ठेवली तर पुढचं सोपं जाईल. एक काळं, पाण्यात न विरघळणारं. दुसरं बिनरंगी, पाण्यात विरघळणारं. काळ्याचं बिनरंगी करण्यात जिवाणूंचा हात असतो हे १९८८ साली स्पष्ट झालं. अमेरिकेतल्या ओनायडा तलावाच्या गाळातून चार्ल्स मायर्स आणि केनेथ नील्सन यांनी मँगनीज डायऑक्साइडवर श्वास घेणारा जिवाणू वेगळा काढला. त्याच वर्षी डेरेक लव्हली आणि एलिझाबेथ फिलिप्स यांनी लोखंड आणि मँगनीज या दोन्हींवर जगणाऱ्या दुसऱ्या जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. अडचण अशी, की ऑक्सिजन पेशीत शिरतो, पण दगड शिरू शकत नाही. मग इलेक्ट्रॉन बाहेर न्यायचा कसा? काही जिवाणू त्यासाठी आपल्या अंगातून बारीक तारा काढतात. या तारा लोहयुक्त प्रथिनांच्या साखळीने बनलेल्या असतात, असं येल विद्यापीठातले निखिल मालवणकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. दगडाला तार जोडून श्वास घेणारा जीव, असं त्याचं वर्णन करता येईल.

उलटा प्रवासही असतो. बिनरंगी मँगनीजचं काळं करून त्यातूनच पोट भरणारा जिवाणू असला पाहिजे, असा तर्क शंभर वर्षं होता, पण तो सापडत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतले प्राध्यापक जेरेड लेडबेटर यांनी मँगनीज कार्बोनेटचा लेप बसलेली एक काचेची बरणी नळाचं पाणी भरून भिजत ठेवली आणि काही महिने ते बाहेरगावी गेले. परत आले तेव्हा लेप काळा झाला होता. हँग यू या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तपास केला आणि २०२० साली तो जिवाणू जगापुढे आला. म्हणजे मँगनीजचं चक्र दोन्ही बाजूंनी जिवाणू फिरवतात.

हे चक्र आपल्या घरी पोचतं ते पाण्यातून. काही हातपंपांचं पाणी भरताना अगदी नितळ असतं. घागरीत तासभर राहिलं की पिवळसर होतं, तळाशी तांबडा गाळ बसतो, कधी भांड्याला काळी किनार धरते. कारण खाली हवा नाही. तिथे जिवाणूंनी लोखंड आणि मँगनीज विरघळवून ठेवलं आहे. वर हवा लागली की ते पुन्हा घट्ट होतं. लोखंडाने चव आणि कपडे बिघडतात. मँगनीजकडे मात्र थोडं जास्त लक्ष द्यायला हवं, कारण ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मज्जासंस्थेवर, विशेषतः लहान मुलांच्या, परिणाम होऊ शकतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ०.०८ ही तात्पुरती मर्यादा सुचवली. पाणी हवेत उसळवून वाळूतून गाळलं की लोखंड बरंचसं निघतं. मँगनीज तेवढ्याने पटकन निघत नाही. पण वाळूच्या कणांवर काळा लेप बसून त्यावर जिवाणू रुळले, की तेच मँगनीज अडवायला लागतात. पाणी नितळ दिसतं म्हणून चांगलं असं समजू नये, तपासून घ्यावं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खालच्या जिवाणूंपाशी खडकातलं लोखंड, मँगनीज भरपूर आहे, म्हणजे हवेची वानवा नाही. वानवा आहे ती अन्नाची. अन्न नाही म्हणून ते संथ आहेत. आपण वरून अन्न सोडलं, तर ते कामाला लागतात. हातपंपाशेजारी शोषखड्डा असेल, शेणखताचा खड्डा असेल, किंवा बंद पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडलं असेल, तर ते सगळं खालच्यांना जेवण आहे. ते आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोखंड विरघळवू लागतात. बांधीतली तीच उतरंड आपण आपल्या पिण्याच्या पाण्यात मांडतो. रोगजंतूंचा धोका वेगळाच.

याचं सर्वांत दुःखद उदाहरण बंगालच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तिथल्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आलं आणि पश्चिम बंगाल, बांगलादेशातल्या लाखो लोकांना त्याचा त्रास झाला. हे आर्सेनिक कुणी ओतलं नव्हतं. गाळातल्या गंजाला ते चिकटून होतं. धातूंवर श्वास घेणारे जिवाणू ते मोकळं करू शकतात, हे मँचेस्टरच्या संशोधकांनी २००४ साली तिथल्याच गाळावर प्रयोग करून दाखवलं. त्या गाळात जिवाणूंना अन्न पुरवलं तेव्हा आर्सेनिक सुटलं. भंडाऱ्याचा खडक वेगळा आहे, तिथे तसंच होईल असं नव्हे. पण खालच्यांना काय खायला घालतो यावर वर काय येतं हे ठरतं, हा धडा सगळीकडे सारखाच आहे.

नायट्रेटची गोष्ट थोडी उलटी. धान आणि भाजीपाल्याला दिलेल्या जादा युरियातलं नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झालं तर तान्ह्या बाळांना धोका असतो. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. बांधीच्या चिखलात जिवाणू नायट्रेट झटपट संपवतात, मग खडकात का नाही? कारण तिथे त्यांना खायला फारसं नसतं. भुकेला सफाई कामगार किती काम करणार! म्हणून नायट्रेट एकदा खोल भेगांत गेलं की वर्षानुवर्षं तिथे राहू शकतं. खालचे जीव सगळं निस्तरतील या भरवशावर राहता येत नाही, आणि त्यांना मुद्दाम खायला घालावं तर मँगनीज, लोखंड सुटण्याची भीती.

हा हिशेब मोठ्या योजनांनाही चुकत नाही. चेक प्रजासत्ताकात लोबोडित्से इथे जमिनीखाली साठवलेल्या वायूतला हायड्रोजन कमी होऊन मिथेन वाढल्याचं १९९० साली नोंदवलं गेलं. सूक्ष्मजीवांनी साठाच खाल्ला होता. आइसलँडमध्ये २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये मुरवण्याचे प्रयोग झाले. त्यानंतर खालची जीवसृष्टी झपाट्याने बदलल्याचं २०१७ मध्ये दिसून आलं. आपल्या दख्खनच्या बसाल्टविषयीही अशा कल्पना मांडल्या जातात. त्या मांडणाऱ्यांनी खालच्या रहिवाशांची गणती आधी करावी हे बरं.

मग आपण काय करायचं? भंडाऱ्यात याचं एक जुनं उत्तर गावोगावी आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव आणि बोड्या बांधल्या, त्यांना आपण आज माजी मालगुजारी तलाव म्हणतो. तलावातलं पाणी खाली जातं ते माती आणि मुरमाच्या थरांतून, हळूहळू. त्या वाटेवर वरच्या थरातले जिवाणू पाण्यातला बराच सेंद्रिय कचरा खाऊन टाकतात आणि खडकापर्यंत पोचणारं पाणी पुष्कळसं निवळलेलं असतं. बोअर हा याच्या उलट रस्ता. ती मातीचे सगळे थर ओलांडून थेट भेगेत उतरते. म्हणून बोअरमध्ये पावसाचं पाणी सोडायचं असेल तर ते स्वच्छ छपराचं असावं, पहिल्या पावसाचं पाणी वगळावं, वाळू-खडीच्या गाळणीतून न्यावं. बंद पडलेली बोअर उघडी ठेवू नये, ती नीट बुजवावी. लेकरांच्या जिवासाठी तर बुजवावीच, खालच्या पाण्यासाठीही बुजवावी. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची जागा यांत अंतर ठेवावं. युरिया मापात द्यावा. आणि पावसाळ्याआधी व नंतर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून, आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

यातली एकही गोष्ट नवी नाही. नवं आहे ते त्यामागचं कारण. आपण जमिनीत काही टाकतो तेव्हा ते नाहीसं झालं असं आपल्याला वाटतं. ते नाहीसं होत नाही. कुणीतरी ते खातं, त्यावर श्वास घेतं, आणि उरलेलं पाण्यात सोडून देतं. ते पाणी आपण उद्या, किंवा आपली नातवंडं पन्नास वर्षांनी, वर काढणार आहोत. खालच्यांचा कारभार इतका संथ आहे, की आज बिघडवलेलं आपल्या हयातीत दुरुस्त होईलच असं नाही. तेव्हा खाली काही सोडण्यापूर्वी ते कुणाच्या ताटात पडणार आहे, एवढा विचार आपण केला तरी पुष्कळ झालं.